उजव्या अंगाचं इंजिन

आमच्या घरात गॅसची बटणं मिसळणाच्या डब्यात असतात. परदेशात, पासिर रिसच्या या फ्लॅटमध्ये बाकी सगळं चारचौघांसारखंच आहे, फक्त शेगडीला बटणं नाहीत. पोळ्या करायच्या झाल्या की मी मोहरी आणि हळदीच्या मधल्या वाटीतून एक बटण काढते, शेगडीला लावते आणि काम झालं की पुसून परत डब्यात टाकते. पाहुण्यांना वाटतं, बाईचं डोकं फिरलंय. फिरलेलं नाही. हा कायदा माझ्या मुलीचा, निहारिकाचा आहे, आणि तिने केलेला कायदा मोडायची छाती आमच्या घरात कुणाची नाही. मी जन्मभर बँकेत ऑडिट केलं, भल्याभल्या मॅनेजरांना घाम फोडला, पण या पोरीपुढे माझं काही चालत नाही.

तीन वर्षांपूर्वी श्रीनिवासना, म्हणजे माझ्या यजमानांना, पक्षाघाताचा झटका आला. माणूस वाचला, बोलणं शाबूत राहिलं, चालणं हळूहळू परत आलं. डावा हात मात्र अर्धवट राहिला. आणि आणखी एक विचित्र गोष्ट झाली. डावीकडचं त्यांच्या लक्षातच येईना. डोळ्यांना काही झालेलं नव्हतं, पण मेंदू तिकडची दखलच घेत नव्हता. ताटातली भाजी-आमटी संपायची आणि डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच राहायची. मी ताट फिरवलं की म्हणायचे, "अरे, कोशिंबीरपण होती का?"

हसण्यासारखं होतं तोवर आम्ही हसलो. सकाळचा चहा आमच्याकडे लग्नापासून त्यांचाच. घरी आल्यावर त्यांनी तोही पुन्हा सुरू केला. एके दिवशी उजव्या शेगडीवर चहा उकळला, गाळला, आम्हाला हातात आणून दिला. डाव्या शेगडीवर दूध ठेवलं होतं, ते त्यांच्या जगातून निघून गेलं. दूध आटलं, पातेलं करपलं, शेजारचं फडकं पेटलं. निहारिकाने ते विझवलं आणि शेगडीची बटणं उपसून मिसळणाच्या डब्यात टाकली. रोज कंपनीच्या बसने जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यात जाऊन ज्यांनी इमारतीएवढे बॉयलर सांभाळले, त्यांच्या हातून एका पातेल्यापायी विस्तव काढून घेतला गेला. त्या दिवसानंतर ते स्वयंपाकघरात पाऊल टाकेनात. सकाळचा चहा माझ्याकडे आला. मला चहा चांगला येत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

खिडकीशी बसून बसून माणूस वाळून गेला असता. निहारिकाच्या कामामुळे वाचला. ती युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक आहे आणि तिचा विषय लाकूडतोडीचा इतिहास. बोर्निओ, फिलिपिन्स, तैवान इथली जंगलं कुणी आणि कशावर लादून नेली, यात तिचं तारुण्य चाललंय, असं मी तिला ऐकवत असते. एकदा जेवताना ती सांगत होती. आधी ओंडके ओढायला बैल असायचे, रेडे असायचे, कुठे हत्ती, नाहीतर मग नदी. त्यामुळे नदीपासून लांबची झाडं सुखात होती. मग जंगलात वाफेचं इंजिन आलं. नेहमीचं इंजिन तिथे चालायचं नाही, कारण चढ उभा, वळणं आवळलेली आणि रूळ चिखलात कसेबसे टाकलेले. त्यावर अमेरिकेतल्या शे नावाच्या एका लाकूडवाल्याने दीडशेएक वर्षांपूर्वी तोड काढली. हिवाळ्यात बर्फावरून ओंडके घसरत आणायचे आणि बर्फ वितळलं की हात चोळत बसायचं, याला तो कंटाळला होता. त्याच्या इंजिनात बॉयलर मधोमध नसतो, डावीकडे सरकवलेला असतो. उजव्या बाजूला उभे सिलिंडर, त्यांच्यापासून निघालेला एक लांब दांडा, आणि त्या दांड्यावरच्या दात्यांच्या चक्रांनी फिरणारी सगळीच्या सगळी चाकं. इंजिन माणसाच्या चालीने जायचं, पण कुठेही चढायचं. तैवानमध्ये अलिशानच्या डोंगरात अशीच इंजिनं गेली आणि हजार हजार वर्षांचे वृक्ष खाली आले.

"थांब," श्रीनिवास म्हणाले. त्यांचा घास हातातच राहिला. "सगळं यंत्र उजवीकडे?"

"हो बाबा. दुसऱ्या बाजूने बघितलं तर काहीच नसतं. फार वियर्ड दिसतं लाह." इथल्या लोकांचं हे 'लाह' तिच्याही जिभेवर बसलंय.

"काहीच कसं नसतं? बॉयलर आहे ना तिकडे, तोल सांभाळायला." ते माझ्याकडे वळले. किती तरी महिन्यांनी डोळ्यांत चमक दिसली. "उजवीकडे सगळं कामाचं, डावीकडे नुसतं वजन. सविता, हे माझंच इंजिन आहे."

क्वीन्सटाउनला एका जुन्या औद्योगिक इमारतीत हौशी लोकांचं सामायिक वर्कशॉप आहे. लेथ आहे, ड्रिल आहे, मागे सिमेंटचं अंगण आहे. तिथे पुढची अडीच वर्षं ते इंजिन घडत गेलं. लांबी आमच्या सोफ्याएवढी, दोन रुळांमधलं अंतर पाच इंच, मागे ओंडके वाहायच्या सपाट गाड्या, ज्यांवर माणसं पाय खाली सोडून बसू शकतील. जिथे दोन हात लागतील तिथे डावा हात माझा. पत्रा धर, पाना धर, हलू नकोस. दुपारी डबा खाल्ला की मी पर्समधून एरंडेलाची बाटली काढायची आणि त्यांचा डावा हात चोळून द्यायची. फिजिओथेरपिस्टचं यावर काही मत नव्हतं. माझं होतं.

पाण्याच्या बाबतीत तर सोवळंच. घरच्या एसीचं ठिबकणारं, क्षार नसलेलं पाणी कॅनमध्ये जमवायचं, फडक्यातून गाळायचं आणि इंजिनाच्या टाकीत फक्त तेच घालायचं. त्या टाकीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. नोकरीत असताना पाण्याच्या नमुन्यात तेलाचा अंश सापडला म्हणून त्यांनी चालू बॉयलर बंद करायला लावला होता आणि वरच्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. "काही बिघडलं की आधी पाण्याला विचारा, मग माणसाला," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला ते झोपेतही म्हणता येईल.

या ऑक्टोबरात निहारिकाचं प्रदर्शन ठरलं. युनिव्हर्सिटीच्या हिरवळीवर, शनिवारी, लाकडाचा आणि वाफेचा इतिहास. इंजिन तिथे रुळांवर प्रत्यक्ष चालवायचं. त्यातही बाप-लेकीचं वाजलंच. इंजिनाशेजारी लावायच्या फलकावर तिने लिहिलं होतं: हे यंत्र पोचेपर्यंत ही जंगलं उभी होती. श्रीनिवासना ते फार लागलं.

"इंजिनाने काय केलं? ओढ म्हटलं, ओढलं. कुऱ्हाड माणसाच्या हातात होती."

"पण बाबा, इंजिन नसतं तर कुऱ्हाड नदीकाठीच थांबली असती. तुझ्यासाठी मी हिस्टरी क्यूट नाही करू शकत."

"मी क्यूट कर म्हटलं?"

मग दोघं एकमेकांशी माझ्यामार्फत बोलायला लागले. "आई, बाबाला सांग." "सविता, तिला सांग." शेवटी निहारिकाच त्यांच्या खोलीत गेली. "शनिवारी तू चालवून दाखव," ती म्हणाली. "विस्तव तू पेटव, वाफ तू धर, लोकांना तू बसव. सगळं नीट झालं ना, की मी गॅसची बटणं परत लावते. प्रॉमिस."

श्रीनिवास नुसते "बरं" म्हणाले. पण त्या दिवसापासून आंघोळ करताना गुणगुणायला लागले. एवढा मोठा माणूस, दोन बटणांसाठी. मी बाहेर टॉवेल घेऊन उभी होते आणि ते गाणं संपेपर्यंत मी दार वाजवलं नाही.

खंडेनवमीला आम्ही वर्कशॉपमध्येच पूजा केली. लेथला हळदकुंकू, पान्यांना फुलं, इंजिनाला लिटल इंडियातून आणलेला झेंडूचा हार. सकाळी घरी देवीला पंचामृताचा अभिषेक केला होता. त्याचं तीर्थ मी तिथल्या मंडळींसाठी एक बाटली भरून नेलं. त्या दिवशी यंत्र चालवायचं नसतं, त्याला विश्रांती. पूजा आटोपल्यावर निहारिका म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, मी आवरून येते." संध्याकाळी तिने बाटली रिकामी आणली. "सगळ्यांनी घेतलं?" मी विचारलं. "संपलं," ती म्हणाली. वर्कशॉपमधल्या चिनी आणि मलय मंडळींनी तुळशीचं पान घातलेलं ते तीर्थ आवडीने घेतलं असं समजून मी आपली खूश झाले.

गुरुवारी, दसऱ्याला, चाचणी होती. युनिव्हर्सिटीची सुरक्षा अधिकारी पेई शान पांढरा शुभ्र शर्ट घालून आली. बॉयलरची दाबाची परीक्षा आधीच झाली होती. तिची आणखी एक अट होती, की चालवणाऱ्याच्या शेजारी दुसरं कुणी तरी उभं हवं आणि चालवणारा धडधाकट आहे याची हमी त्या दुसऱ्याने द्यायला हवी. ती हमी निहारिकाने दिली होती.

काडीवर मांस भाजून विकणारे इथले सातेवाले वापरतात तसला कोळसा श्रीनिवासनी भट्टीत रचला आणि काडी ओढली. तीन वर्षांत त्यांच्या हातातली ती पहिली काडी. अंगणात धूर झाला, मग धूर सरला, दाबाचा काटा हळूहळू चढला. बॉयलरमध्ये पाणी किती आहे हे दाखवणारी एक काचेची नळी असते. ती त्यांनी मुद्दाम उजव्या हाताला बसवली होती. वाकून त्यांनी ती बघितली, हातपंपाने थोडं पाणी चढवलं, पुन्हा बघितली आणि वाफेची झडप उघडली.

इंजिन हातभर पुढे सरकलं, खोकलं, आणि धुराड्यातून वाफेऐवजी कळकट पाण्याचा फवारा उडाला. तो सरळ पेई शानच्या शर्टवर. काचेतलं पाणी वेड लागल्यासारखं वरखाली नाचायला लागलं. चाकांनी एक आचका दिला आणि सगळं ठप्प झालं. श्रीनिवासनी झडप बंद केली, विस्तव खाली ओढून काढला. हात चोख चालले. पण चेहरा पार उतरला.

"पाणी जास्त भरलं मी," ते म्हणाले. "गच्च भरलं असणार, तेच सिलिंडरमध्ये गेलं. नळी उजवीकडे आहे, तरी दिसली नाही मला." मग म्हणाले, "म्हणजे आता उजवीकडचंही गेलं."

पेई शान शर्ट पुसत होती. पोरगी मनाने चांगली. "अंकल, नेव्हर माइंड. सॅटर्डे अर्ली मॉर्निंग वन मोअर टाइम. कॅन ऑर नॉट?"

"नको," श्रीनिवास म्हणाले. "काचेच्या कपाटात ठेवा. थंडच बरं."

निहारिकाचा रंग इतका उडाला होता की मला वाटलं, आता हिलाच काही तरी होतंय.

घरी श्रीखंड केलेलं होतं. श्रीनिवासनी दोन घास खाल्ले आणि खिडकीशी जाऊन बसले. खाली मुलं सायकली खेळत होती, तिकडेही त्यांचं लक्ष नव्हतं. मी दोनदा बोलायला गेले, दोनदा परत आले. मला रागच येत होता, पण कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. मग निहारिका खोलीतून आली आणि त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली. त्यांच्याशी बोलायचं असलं की आम्ही आपोआप तिकडेच जातो.

"बाबा, पाणी बरोबर भरलं होतंस तू."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"कळतं. कारण टाकीत मी तीर्थ घातलं होतं."

मला आधी समजलंच नाही. "कुठलं तीर्थ?"

"तुझ्या बाटलीतलं. सगळं." तिला रडू फुटलं. "मी हमी दिली ना, की बाबा फिट आहे. दिली, आणि मग मला इतकी भीती वाटायला लागली. मी देवबिव मानत नाही, तुला माहितेय. पण तुम्ही गेलात, मी तिथे एकटी होते आणि बाटली समोर होती. वाटलं, बाबाला काही होऊ नये. बस, एवढंच वाटलं. आणि आज तिथे पेई शानसमोर कसं सांगू, की बॉयलरमध्ये मी होली मिल्क टाकलंय?"

श्रीनिवास हळूहळू उठले. त्यांनी तिच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. "त्यात दूध होतं?"

"हो."

"दही?"

"पंचामृत होतं. असणारच."

"तूप?"

"चमचा-दीड चमचा असेल," मी म्हणाले.

"बॉयलरच्या पाण्यात तूप," ते म्हणाले, आणि मग त्यांचा आवाज चढला. तीन वर्षांत तो आवाज आमच्या घरात ऐकू आला नव्हता. जुरोंग आयलंडवरची पोरं ज्याला टरकून असायची, तो आवाज. "फेस होता तो. नळीत नाचत होतं ते पाणी नव्हतं, फेस होता, आणि फेसाबरोबर पाणी सिलिंडरमध्ये ओढलं गेलं. मी भरलं होतं ते बरोबर होतं. अर्ध्या नळीला बरोबर होतं. पोस्टडॉक झालीस ना तू? फीडवॉटरच्या टाकीत मध घालतात? साखर घालतात? शिरा करायचा होता?" असं बराच वेळ चाललं. ती ओल्या डोळ्यांनी ऐकत होती आणि मधेच तिला हसू येत होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन ओढणीने डोळे टिपले. कुणी माझ्या मुलीला इतकं बोललेलं मला कधी इतकं गोड लागलं नव्हतं.

दम लागला तसे ते खाली बसले. "आणि मीही पाण्याला विचारलं नाही," जरा खालच्या आवाजात म्हणाले. "जन्मभर लोकांना सांगितलं आणि वेळ आली तेव्हा सरळ स्वतःलाच धरलं." मग तिचा हात ओढून तिला शेजारी बसवलं. "उद्या सकाळी धुण्याचा सोडा घेऊन ये. भरपूर आण."

शुक्रवारचा पूर्ण दिवस आम्ही तिघं तो बॉयलर धूत होतो. गरम पाणी आणि सोडा, खळबळायचं, ओतायचं, पुन्हा भरायचं. पेई शानला निहारिकाने फोनवर सगळं खरं सांगितलं. ती पलीकडून म्हणाली, की तिची आजी नवीन गाडीच्या टायरवर चहा ओतायची, त्यामुळे ती कुणाला हसणार नाही.

शनिवारी हिरवळीवर रूळ मांडले होते, तंबू उभा होता. पेई शान या खेपेला काळा शर्ट घालून आली होती. लोक यायला अजून थोडा अवकाश होता. श्रीनिवासनी विस्तव पेटवला, काटा चढला, ते नळीपाशी वाकले आणि वाकलेलेच राहिले. मीही बघितलं. पाण्याच्या वरच्या कडेला बुडबुड्यांची बारीकशी माळ थरथरत होती.

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. गुरुवारचं तोंड परत येतंय का, हे मला बघायचं होतं. आलं नाही.

"फेस आहे," ते शांतपणे म्हणाले. "थोडाच आहे. कुठल्या तरी नळीत तूप चिकटून राहिलंय. आता गार करून धुवायला वेळ नाही. कारखान्यात फेस मोडायचं औषध असतं, ते इथे कुठून आणायचं?"

निहारिका एकदम म्हणाली, "बाबा, कॅस्टर ऑइल."

"काय?"

"बोर्निओत, सांडाकानला मी एका आजोबांना भेटले होते ना, त्यांचे वडील लाकडाच्या गाडीचे ड्रायव्हर होते. जंगलात पाणी कुठलं मिळणार? दलदलीतलं तपकिरी पाणी नळीने ओढून टाकीत घ्यायचे. त्यात कुजलेला पाला, त्याने बॉयलर फेसाळायचा. म्हणून ड्रायव्हरच्या डोक्यावर कॅस्टर ऑइलचा डबा टांगलेला असायचा. मी रेकॉर्ड केलंय ते. मला वाटायचं, ते लोक पोट साफ करायला ठेवत असतील."

श्रीनिवास तिच्याकडे बघतच राहिले. "एरंडेल," ते म्हणाले. "बरोबर आहे. आमची औषधं निघायच्या आधी जुने लोक तेच वापरायचे. ऐकलंय मी." मग दोघांनी इकडेतिकडे बघितलं, जणू हिरवळीवर एरंडाचं झाड उगवणार होतं. "पण आत्ता एरंडेल कुठे मिळेल?"

मी पर्स उघडलेलीच होती.

"थांबा," मी बाटली हातात धरून म्हणाले. ऑडिटची खोड जात नाही. "तूप घातलं म्हणून परवा तिला एवढं बोललात. मग हे तेल कसं चालतं?"

"तुपाने, दुधाने फेस धरतो. हे फेस फोडतं. पण थेंबातच, आणि पाण्यात नीट फेटून." त्यांनी एका बाटलीत गरम पाणी घेतलं, माझ्याकडून एरंडेलाचे मोजके थेंब घालून घेतले, उजव्या हाताने जोरजोरात हलवलं. बाटलीतलं पाणी पांढुरकं झालं. मग टाकीचं झाकण काढून त्यांनी बाटली निहारिकापुढे धरली.

"घाल," ते म्हणाले. "या वेळी विचारून घाल."

तिने घातलं. त्यांनी पंप मारला. आम्ही चौघं, पेई शानसुद्धा, त्या बोटभर नळीत डोळे घालून उभे होतो. बुडबुड्यांची माळ विरळ झाली, तुटली आणि पाण्याची कड सुरीने कापल्यासारखी सरळ झाली. ज्या तेलाने मी अडीच वर्षं त्यांचा डावा हात चोळला, त्याने त्या हाताला किती गुण आला मला माहीत नाही. पण त्या सकाळी माझे सगळे कष्ट मला परत मिळाले.

श्रीनिवासनी झडप उघडली. त्या जातीच्या इंजिनाची एक गंमत आहे. आवाज असा भराभर येतो की वाटावं, गाडी सुसाट सुटली, आणि बघावं तर ती माझ्या चालीने चाललेली असते. उजवीकडचे सिलिंडर वरखाली होत होते, दांडा फिरत होता, आणि डावीकडे बॉयलर मुकाट्याने आपलं वजन सांभाळत होता. हिरवळीच्या टोकाला मुद्दाम एक चढ ठेवला होता. इंजिन थांबलं नाही की घसरलं नाही, चढून गेलं.

"कॅन," पेई शान म्हणाली आणि पहिली प्रवासी म्हणून स्वतःच गाडीवर जाऊन बसली.

दिवसभर माणसं येत राहिली. श्रीनिवास त्यांना फिरवत राहिले, आणि प्रत्येक फेरीला निहारिका त्यांच्या शेजारून चालत राहिली. मधे पाणी भरायला थांबले तेव्हा ते फलकासमोर उभे राहिले. तिने विचारलं, "बदलू का ते वाक्य?"

"नको. खरं आहे ते," ते म्हणाले. "इंजिन चांगलं होतं आणि त्याने जंगलं गेली, दोन्ही खरं आहे. लोकांना बसवताना मला ते दिसत राहायला हवं. फक्त रुळाच्या उजवीकडे लाव."

तिने आणि मी तो फलक उचलून उजवीकडे लावला.

रविवारी सकाळी मी उठले तर स्वयंपाकघरात दिवा लागलेला. शेगडीला दोन्ही बटणं होती. मिसळणाच्या डब्यातली मधली वाटी रिकामी होती, आणि श्रीनिवास ओट्यापाशी उभे होते. निहारिका डायनिंग टेबलाशी फोन धरून बसली होती. तिचा फोन उलटा होता, हे मी बघितलं आणि आपली खुर्ची ओढून बसले.

चहा उकळला. त्यांनी गॅस बंद केला. मग मान पूर्ण डावीकडे वळवून दुसरी शेगडी बघितली, तिच्या बटणाला हात लावून खात्री केली आणि चहा गाळून कप घेऊन आले. आम्ही दोघींनी एक एक घोट घेतला. त्यात साखर नव्हती. साखरेचा डबा ओट्याच्या डाव्या टोकाला असतो.

"छान झालाय," निहारिका म्हणाली. मीही मान डोलावली. तो तसाच पूर्ण प्यायची माझी तयारी होती.

श्रीनिवासनी घोट घेतला आणि कप खाली ठेवला. आमच्या दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीने बघितलं. "खोटारड्या आहात दोघी," ते म्हणाले. "साखर राहिली. डावीकडे होती ना?" आणि मी उठायच्या आत ते स्वतःच उठून साखर आणायला गेले.